दीर्घिकांचा शेजार आणि मधला तप्त वायू

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आमच्या महाविद्यालयात भित्तिपत्रक काढावयाचे होते. आपले महाविद्यालय कला शाखेचे. येथे ना पदार्थविज्ञानाचा विभाग, ना प्रयोगशाळा. म्हणून ते काम भूगोल विभागाकडे आले, आणि अक्षर बरे म्हणून माझ्याकडे. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले आणि जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले एक छायाचित्र मी रविवारच्या पुरवणीतून कापून ठेवले होते. काळ्याभोर आकाशात पाच दीर्घिका एकमेकींना बिलगून बसलेल्या. मी ते चित्र मधोमध चिकटविले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले, ‘एकाच कुटुंबातील पाच बहिणी’.

संध्याकाळी भूगोलाचे सर फलकापाशी थांबले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती ओळ वाचली आणि विचारले, “बहिणी कशावरून?”

मी म्हटले, “सर, बघा ना, किती जवळजवळ आहेत!”

“जवळ दिसतात,” सर म्हणाले. “जवळ आहेत कशावरून?”

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. शोध घेता घेता मला प्रथम कळले ते हे, की त्या पाचांपैकी एक ‘बहीण’ त्या घरची नव्हतीच. मग उरलेल्या चौघींचे काय? आकाशात असे शेकडो पुंजके आहेत. त्यांतले खरे किती आणि भास किती, हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर दीर्घिकांमधल्या ‘रिकाम्या’ जागेत सापडते, असे कळल्यावर माझे कुतूहल दुणावले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. तेव्हा मला जे समजले ते, ज्या क्रमाने समजले त्याच क्रमाने सांगते.

पाचांतली परकी

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे एक विराट गाव. आपला सूर्य ज्या गावात राहतो त्याचे नाव आकाशगंगा. दीर्घिकांचे ढोबळमानाने दोन प्रकार आपल्याला या लेखापुरते पुरेत. एक सर्पिल दीर्घिका : चकतीसारखा चपटा आकार, मध्यापासून निघून वळत गेलेले फाटे, थंड वायूचा भरपूर साठा आणि त्यातून आजही जन्मणारे नवे तारे. आपली आकाशगंगा याच प्रकारची. दुसरी लंबवर्तुळाकार दीर्घिका : गोलसर, फाटे नाहीत, थंड वायू अगदी थोडा, आणि तारे बहुतेक म्हातारे.

माझ्या भित्तिपत्रकावरचा पुंजका प्रथम पाहिला तो एदुआर स्तेफान या फ्रेंच ज्योतिर्विदाने, मार्सेयच्या वेधशाळेतून, १८७७ साली. महाश्व तारकासमूहातल्या या पुंजक्याला आजही ‘स्तेफानचे पंचक’ म्हणतात. ‘एनजीसी’ या प्रसिद्ध सूचीत या पाच दीर्घिकांचे क्रमांक ७३१७, ७३१८-ए, ७३१८-बी, ७३१९ आणि ७३२० असे आहेत. क्रमांकही शेजारशेजारचे! आपल्यासारख्याला वाटावे, घरक्रमांक ओळीने आहेत म्हणजे वाडा एकच.

परंतु आकाशाच्या छायाचित्रात लांबी असते, रुंदी असते. खोली मात्र नसते. अंगणात उभे राहून पाहिले तर शेजारच्या छपरावरचा दिवा आणि डोंगरावरच्या देवळातला दिवा एकमेकांना चिकटून असल्यासारखे दिसतात. तसेच हे. दीर्घिकेचे अंतर कळण्याचा एक मार्ग म्हणजे तिच्या प्रकाशाचा वर्णपट. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि त्यांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूकडे सरकलेल्या दिसतात. या सरकण्यास ताम्रसृती म्हणतात. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक.

१९६१ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज या दांपत्याने पंचकातील वेगांची छाननी केली. पाचांपैकी तिघींचे वेग सेकंदाला सुमारे ६,६०० ते ६,७०० किलोमीटर. ७३१८-बी या चौथीचा सुमारे ५,८००. आणि ७३२० या पाचवीचा जेमतेम ८००! म्हणजे ही पाचवी आपल्यापासून सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर, तर उरलेल्या चौघी सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर. ती वाटेत उभी होती, आणि आम्ही तिला घरात घेतले होते.

या निष्कर्षावर वाद झाला नाही असे नाही. हॅल्टन आर्प या अमेरिकन ज्योतिर्विदाचा ताम्रसृतीवरून अंतर काढण्याच्या पद्धतीवरच आक्षेप होता. आपल्या जयंत नारळीकरांनीही विसंगत ताम्रसृतीच्या कोड्याकडे गांभीर्याने पाहिले होते. तथापि अवकाशातील मोठ्या दुर्बिणींना ७३२० मधले सुटे सुटे तारे दिसले. ती जवळ असल्याशिवाय हे शक्य नाही. आज बहुतेक सर्व ज्योतिर्विद तिला पुढे उभी असलेली परकीच मानतात.

शंभर पुंजके, एक शंका

एका पंचकात अशी फसगत, तर इतरांचे काय? पॉल हिक्सन यांनी पालोमार वेधशाळेने केलेल्या आकाश-पाहणीच्या छायाचित्रांतून असे १०० पुंजके काटेकोरपणे निवडून १९८२ साली त्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या अटी सोप्या होत्या. पुंजक्यात तेजाने साधारण तोडीस तोड अशा निदान चार दीर्घिका हव्यात. त्या दाटीने असाव्यात. आणि पुंजक्याभोवती पुरेशी मोकळी जागा असावी, म्हणजे तो एखाद्या मोठ्या जमावाचा तुकडा नव्हे एवढी खात्री व्हावी. अशा पुंजक्यांना आपण ‘निबिड समूह’ म्हणू. आपले पंचक हे या यादीतले ९२ वे.

पुढे १९९२ पर्यंत या दीर्घिकांचे वेग मोजून झाले. १०० पैकी ९२ समूहांत निदान तीन दीर्घिकांचे वेग एकमेकांशी जुळले. यावरून बहुतेक समूह खरे, असे आपण म्हणून मोकळे झालो असतो. परंतु दोन शंका शिल्लक राहिल्या.

पहिली शंका अशी. वेग जुळले म्हणजे अंतर साधारण सारखे. पण ‘साधारण’ या शब्दात कोट्यवधी प्रकाशवर्षे मावतात. समजा, दीर्घिकांची एक लांबट रांग आहे आणि ती नेमकी आपल्या दृष्टीच्या रेषेत आली आहे. तर टोकाकडून पाहणाऱ्या आपल्याला ती रांग न दिसता घोळका दिसेल. गॅरी मॅमन यांनी १९८६ साली ही शक्यता मांडली, तेव्हा तिने बरीच खळबळ उडविली.

दुसरी शंका याच्या उलट दिशेची. हे समूह खरोखरच इतके दाट असतील तर ते टिकले कसे? इतक्या थोड्या जागेत सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या दीर्घिका एकमेकींवर आदळून, ओढाताण होऊन, विश्वाच्या वयाच्या मानाने लवकरच एकजीव व्हावयास हव्यात. जोशुआ बार्न्स यांनी १९८९ साली संगणकावर हे घडवून दाखविले. समूहातल्या सर्पिल दीर्घिका मिसळून शेवटी एकच लंबवर्तुळाकार दीर्घिका उरली. मग आज आपल्याला इतके निबिड समूह दिसतात ते कोणत्या अवस्थेतले?

हा केवळ मोजदादीचा प्रश्न नव्हे. बहुतेक दीर्घिका लहानमोठ्या समूहांतच राहतात. आपली आकाशगंगा आणि २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी, या दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका अशाच एका विरळ समूहाच्या प्रमुख आहेत. सर्पिल दीर्घिकांचे समूह कसे जुळतात, कसे मुरतात आणि त्यांचे शेवटी काय होते, या प्रश्नात आपल्या स्वतःच्या घराचे भवितव्य गुंतलेले आहे.

साक्ष देणारा वायू

समूह खरा की भास, याची साक्ष कोण देणार? दीर्घिका स्वतः देऊ शकत नाहीत. त्यांच्याविषयीच तर संशय. साक्षीदार मधलाच कोणी हवा. तो साक्षीदार म्हणजे दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला वायू.

गुरुत्वाकर्षणाने बांधलेला समूह म्हणजे एक प्रकारची खोल विहीर समजा. भोवतालचा वायू तिच्यात पडत राहतो. पडताना त्याला वेग येतो, आणि तळाशी आधीच्या वायूवर आदळून त्या वेगाची उष्णता होते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. दाबलेला वायू तापतो, तेही येथे घडते. विहीर जितकी खोल तितका वायू अधिक तप्त. ज्या गुच्छांत शेकडो दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने फिरतात तेथे वायूचे तापमान काही कोटी अंशांवर जाते. चार-पाच दीर्घिकांच्या समूहात वेग अडीचशेच्या आसपास, म्हणून तापमान पन्नास लाख अंशांच्या घरात.

लोखंड तापविले की प्रथम लाल दिसते, मग पिवळे, मग पांढरे. तापमान वाढते तसतशी प्रकाशाची तरंगलांबी कमी होत जाते. लाखो अंशांवर तर हा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पार पलीकडे जातो आणि वायू क्ष-किरण टाकू लागतो. इस्पितळात हाडाचे चित्र काढतात ते किरण याच जातीचे. अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांजवळून जाताना वळतात आणि क्ष-किरण सोडतात. त्याखेरीज वायूत मिसळलेले लोह, ऑक्सिजन इत्यादींचे अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचे किरण देतात. त्यावरून वायूत काय मिसळले आहे हेही ओळखता येते.

‘पन्नास लाख अंश’ हे शब्द ऐकून कोणाला वाटेल, तेथे सारे जळून खाक होत असेल. तसे नाही. हा वायू कल्पनेपलीकडे विरळ आहे. एक लिटरच्या तांब्यात एखादाच कण सापडावा, असा हिशेब. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर उडतात. त्या अतिशय तप्त असतात, पण इतक्या लहान की हात भाजत नाही. तापमान म्हणजे कणांचा वेग; उष्णतेचा साठा कणांच्या संख्येवरही अवलंबून असतो. विरळ असूनही हा वायू पसरलेला असतो लाखो प्रकाशवर्षे, म्हणून एकूण वजन भरते प्रचंड.

आता मूळ मुद्दा. योगायोगाने एका रेषेत आलेल्या दीर्घिकांमध्ये असा सामाईक तप्त वायू असू शकत नाही, कारण तेथे विहीरच नाही. दूरदूरचे दोन दिवे जवळ दिसू शकतील. पण ते एकाच धुक्यात उभे दिसले तर ते एकाच ठिकाणी आहेत असे मानावेच लागते. शिवाय इतका तप्त वायू धरून ठेवावयास जेवढे गुरुत्वाकर्षण लागते तेवढे दिसणाऱ्या ताऱ्यांकडे नसते. म्हणजे हा वायू समूहातल्या अदृश्य द्रव्याचीही साक्ष देतो.

परंतु ही साक्ष ऐकावयास पृथ्वी सोडावी लागते. आपले वातावरण क्ष-किरण अडविते, हे आपले भाग्य आणि ज्योतिर्विदांची अडचण. १९६२ साली रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणातून उपकरण पाठवून सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून ‘उहुरू’ उपग्रह उडाला. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छांतला तप्त वायू त्याच्यामुळे उमगला. लहान समूहांचा वायू मात्र फिका; त्यासाठी जून १९९० मध्ये उडालेल्या ‘रोसॅट’ उपग्रहापर्यंत थांबावे लागले. १९९३ साली एनजीसी २३०० भोवतीच्या लहानशा समूहात आणि हिक्सनच्या यादीतील ६२ व्या समूहात असा पसरलेला वायू सापडला. तापमान सुमारे एक कोटी अंश. निदान काही समूह तरी खरे, हे सिद्ध झाले.

सर्पिल समूहांचे मौन

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. परंतु रोसॅटने जसजसे अधिक समूह पाहिले तसतशी एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ज्या समूहांत मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका होती, तेथे वायू बहुधा सापडे. ज्या समूहांत केवळ सर्पिल दीर्घिका होत्या, तेथे बहुधा काहीच सापडत नसे.

१९९६ साली ट्रेव्हर पॉनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिक्सनचे ८५ समूह तपासले. २२ समूहांत पसरलेला वायू स्पष्ट दिसला. आणि न दिसणाऱ्या फिक्या समूहांचा हिशेब धरता सुमारे तीनचतुर्थांश समूहांत तो असावा, असा त्यांनी अंदाज केला. तरीही सर्पिल समूहांचे कोडे सुटले नाही. त्यांच्या मौनाचे तीन अर्थ लावता येत होते.

एक, हे समूह खरे नव्हेतच. नजरेचा भास आहेत. दोन, समूह खरे आहेत, पण नुकतेच जमू लागले आहेत. वायू अजून विहिरीत पडून तापावयाचा आहे. तीन, वायू आहे, पण या समूहांची विहीर उथळ असल्याने तो दहा-वीस लाख अंशांपर्यंतच तापला आहे. इतक्या ‘कोमट’ वायूचे क्ष-किरण फार मृदू असतात, आणि आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन ते वाटेतच गिळून टाकतो. साक्षीदार बोलतो आहे, पण आवाज आपल्या दारापर्यंत पोहोचत नाही, असा हा प्रकार.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण परकी नाही. एखाद्या घटनेचा कागद सापडला नाही, म्हणजे घटना घडलीच नाही काय? की कागद लिहिलाच गेला नाही? की लिहिला गेला आणि वाळवीने खाल्ला? तिन्हींत फरक आहे, आणि तो एकेका प्रकरणाचा कस लावूनच ठरवावा लागतो. म्हणून आता दोन प्रकरणे पाहू.

समूह सोळा आणि समूह ऐंशी

हिक्सनच्या यादीतील सोळावा समूह तिमिंगल तारकासमूहात, सुमारे १८ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. एनजीसी ८३३, ८३५, ८३८ आणि ८३९ या त्याच्या मूळच्या चार दीर्घिका. हा सर्पिल दीर्घिकांचा समूह. पहिल्या दोघींच्या केंद्रस्थानी कृष्णविवरे जागी आहेत. दुसऱ्या दोघींत ताऱ्यांच्या जन्माचा नुसता भडका उडाला आहे. रोसॅटला येथे क्ष-किरण दिसले. पण ते समूहाच्या सामाईक वायूचे की दीर्घिकांच्या आसपासच्या सुट्या गोळ्यांचे, यावर १९९० च्या दशकात वाद रंगला. ‘एक्सएमएम-न्यूटन’ ही युरोपीय क्ष-किरण दुर्बीण डिसेंबर १९९९ मध्ये उडाली आणि तिने पाठविलेल्या अगदी पहिल्या चित्रांत या समूहाचे चित्र होते. तिच्या निरीक्षणांनी सामाईक वायूच्या बाजूने कौल दिला.

नंतर ‘चंद्रा’ दुर्बीण या समूहाकडे दीर्घकाळ वळविण्यात आली. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ही दुर्बीण जुलै १९९९ मध्ये उडाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष असे : समूहभर फिका, सुमारे ३५ लाख अंश तापमानाचा वायू पसरलेला आहे. चारही दीर्घिकांना जोडणारा त्याचा एक पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात सुमारे ६६० कोटी सूर्यांइतके द्रव्य आहे. विशेष म्हणजे दीर्घिकांच्या ओढाताणीत बाहेर खेचल्या गेलेल्या थंड हायड्रोजनचा एक लांबलचक धागाही काही प्रमाणात त्याच जागी आहे. थंड आणि तप्त, दोन्ही वायू एकाच ठिकाणी! याचा अर्थ हा समूह अजून स्थिरावलेला नाही. घर बांधून व्हावयाचे आहे.

हा वायू आला कोठून? ८३८ व ८३९ या दीर्घिकांत मोठमोठे तारे भराभर जन्मून स्फोटाने मरत आहेत. त्या स्फोटांनी तप्त वायूचे झोत दीर्घिकेबाहेर फेकले जातात. समूहातल्या तप्त वायूपैकी २० ते ४० टक्के वायू या झोतांनी पुरविला असावा, असा त्या संशोधकांचा हिशेब. बाहेरून पडलेला वायू ही एक मिळकत, आणि दीर्घिकांनी स्वतः ओतलेला वायू ही दुसरी.

या अभ्यासात एक धागा आपल्या मातीतलाही आहे. चंद्राच्या क्ष-किरण चित्रांच्या जोडीला ६१० मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींतली निरीक्षणे वापरली गेली, ती जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची ही दुर्बीण. आमच्या विभागाची सहल शिवनेरीला गेली होती, तेव्हा परतताना आम्ही खोडदपर्यंत गेलो आणि कुंपणाबाहेरून त्या तारांच्या जाळीच्या थाळ्या पाहिल्या. कोणी म्हणाले, “एवढ्या मोठ्या जाळीत काय धरतात?” तेव्हा मलाही सांगता आले नव्हते. शेतांमध्ये उभ्या असलेल्या त्या थाळ्यांनी अठरा कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपल्या होत्या.

आता ऐंशीवा समूह. येथेही चार सर्पिल दीर्घिका, आणि समूह चांगलाच दाट. चंद्राने तोही पाहिला. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. क्ष-किरण दिसले ते एका दीर्घिकेतले, तेथील ताऱ्यांच्या जन्मोत्सवाचे. दीर्घिकांमधल्या जागेत सामाईक तप्त वायू सापडला नाही. असलाच तर तो अमुक एका मर्यादेहून फिका असला पाहिजे, एवढेच सांगता आले.

वरवर पाहता ही निराशा. पण मला या ‘न सापडण्या’चेच अधिक शिकावयास मिळाले. संशोधकांनी ‘वायू नाही’ असे लिहिले नाही. ‘इतक्या प्रमाणापर्यंत शोधला, तेथवर नाही’ असे लिहिले. दोन्ही समूह सर्पिल, दोन्ही निबिड. तरी एकात वायू जमतो आहे आणि दुसऱ्यात दिसत नाही. म्हणजे ‘सर्पिल समूह’ हे एकच एक उत्तर असलेले प्रकरण नव्हे. समूह जुळण्याच्या वाटेवर कोणी पुढे आहे, कोणी मागे.

पुन्हा पंचकाकडे

आता माझ्या भित्तिपत्रकावरच्या चित्राकडे परत येते. परकी ७३२० वगळली. उरलेल्या चौघी तरी एकत्र आहेत काय? ७३१८-बी हिचा वेग बाकीच्यांहून सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटरने निराळा. मग तीही परकीच म्हणावी काय?

येथे मधल्या वायूने स्वच्छ साक्ष दिली आहे. १९७२ साली हॉलंडमधील वेस्टरबोर्कच्या रेडिओ दुर्बिणीने ७३१८-बी आणि ७३१९ यांच्यामधल्या जागेत रेडिओ लहरींचा एक पट्टा शोधला. पुढे रोसॅटने आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चंद्राच्या चित्रांनी त्याच जागी क्ष-किरणांची धार दाखविली. तेथे वायूचे तापमान सुमारे ६० लाख अंश, आणि धारेची लांबी आपल्या आकाशगंगेच्या व्यासाहून अधिक. अर्थ असा, की ७३१८-बी ही भरधाव आत घुसली आहे, आणि समूहात आधीच्या ओढाताणीत सांडलेल्या वायूवर आदळून तिने हा आघात-तरंग उठविला आहे. वेग निराळा आहे तो ती दूर आहे म्हणून नव्हे, तर ती येऊन आदळते आहे म्हणून. घरच्या माणसांशी इतक्या जोराने आदळणारी व्यक्ती घरात नाही, असे कोण म्हणेल?

२००६ साली ‘स्पिट्झर’ या अवरक्त दुर्बिणीने आणखी एक आश्चर्य दाखविले. त्याच तप्त धारेत हायड्रोजनचे रेणूही भरपूर आहेत. लाखो अंशांच्या शेजारी रेणू टिकावेत हे अनपेक्षित होते. आघातात खळबळलेला वायू काही ठिकाणी तापतो आणि काही ठिकाणी दाटून निवतो, असा त्याचा उलगडा केला जातो.

म्हणजे जी मला एकाच घरची वाटली होती तिच्यापैकी एक परकी निघाली. आणि वेगाच्या आकड्यावरून जी परकी वाटावी ती घरातलीच, किंबहुना घरात सर्वांत मोठा गोंधळ घालणारी निघाली. दोन्ही वेळा वरवरच्या दिसण्याने फसविले. दुसऱ्या वेळी निकाल दिला तो ज्या जागेला आपण रिकामी म्हणतो तिने.

शेवटी काय उरते

या समूहांचे पुढे काय होणार? चौघींच्या तिघी, तिघींच्या दोघी आणि शेवटी एक. १९९४ साली पॉनमन आणि सहकाऱ्यांनी असे एक उदाहरण प्रसिद्ध केले. एकच मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका, आणि तिच्याभोवती मात्र आख्ख्या समूहाला शोभेल एवढा तप्त वायू. याला ‘जीवाश्म समूह’ म्हणतात. दीर्घिका मिसळून गेल्या तरी विरळ तप्त वायू निवावयास शेकडो कोटी वर्षे लागतात. म्हणून माणसे गेली तरी वाड्याच्या भिंती उभ्या राहाव्यात तसा तो राहतो. येथे कधीकाळी पुष्कळ जण राहत होते, हे त्या भिंतींवरूनच कळते. समूह सोळा, पंचक आणि जीवाश्म समूह ही बहुधा एकाच प्रवासातली तीन मुक्कामांची ठिकाणे. आपली आकाशगंगा आणि देवयानी त्याच वाटेवर आहेत की कसे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या जिव्हाळ्याचा.

हे सारे समजावून घेण्यात माझे एक वर्ष गेले. परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगते. परंतु पुढच्या विज्ञान दिनाला भित्तिपत्रक पुन्हा माझ्याकडेच आले, तेव्हा मी तेच कात्रण जपून काढून पुन्हा चिकटविले. खाली नवी ओळ लिहिली : ‘चौघी एकत्र, पाचवी वाटेत उभी. पुरावा : मधला वायू.’

सर संध्याकाळी आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ओळ वाचली. क्षणभर थांबून म्हणाले, “आता हे ‘मधला वायू’ म्हणजे काय, ते सगळ्यांना समजेल असे लिहून काढ.”

हा लेख म्हणजे तो गृहपाठ होय.